निवडणुकीतील परकीय पैसा आणि आपला कायदा

आपल्या देशातील निवडणुकीत परदेशी पैसा चालत नाही, असे आपण सारेच गृहीत धरतो. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकलेले असते आणि परीक्षेत ते सहसा विचारले जात नाही. त्या एका ओळीमागे जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे, एक गाजलेला न्यायनिवाडा आहे आणि तो निवाडा निष्प्रभ करण्यासाठी मागील तारखेपासून लागू केलेला बदल आहे. हे सारे मला ग्रंथालयात बसल्यावर समजत गेले. प्रस्तुत लेखात ते क्रमाने मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात पदवीच्या वर्गात बसणारी मी पहिलीच. तेव्हा प्राध्यापकवर्गाने लेखाकडे त्या दृष्टीने पाहावे, ही विनंती.

विषय घरी सांगितला तेव्हा वडिलांनी विचारले, "बाहेरचा पैसा म्हंजे कोनता? नागपूरचा का तेलंगणातला?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे मोजून घेणारा ठेकेदार आमच्या गावाला बाहेरचाच वाटतो. कायद्याला मात्र नागपूर आणि तेलंगण ही दोन्ही घरचीच. कायद्याने 'बाहेरचा' कोणाला म्हणावे, हाच या विषयाचा गाभा होय. पुढे जो वाद झाला तो सारा या एका शब्दाच्या व्याख्येवरून झाला.

आधी पैशाची गरज किती मोठी असते ते पाहू. गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत निर्माण झाला. तो गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. एका टोकाला अहेरी विधानसभा क्षेत्रातील सिरोंचा, दुसऱ्या टोकाला आमगाव, आणि मध्ये जंगल, नद्या व तुरळक वस्ती. येथे गावोगाव फिरावयाचे तर वाहने हवीत, माणसे हवीत आणि त्यांचे जेवणखाण हवे. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात ९५ लाख रुपये आहे. पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही! म्हणजे एका बाजूने झाकण बसविले आणि दुसऱ्या बाजूने भांडे उघडेच ठेवले. ते भांडे भरणारा कोण, हे मतदारास कळले पाहिजे की नाही? निवडून गेलेला माणूस पुढील पाच वर्षे पुडे गोळा करणाऱ्या बाईचे ऐकणार की भांडे भरणाऱ्याचे, हे पुष्कळसे त्यावर अवलंबून राहते.

भारतात या प्रश्नाला तोंड फुटले ते १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. त्या निवडणुकीत अमेरिका आणि साम्यवादी देश या दोन्ही बाजूंकडून पैसा आल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या व लोकसभेत गदारोळ उडाला. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. सरकारने गुप्तवार्ता विभागाकडून चौकशी करविली, परंतु तिचा अहवाल प्रसिद्ध केला नाही. सह्याद्रीच्या या नेत्याविषयी आपल्याकडे आदराने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. तरीही अहवाल झाकून ठेवण्याचा निर्णय मला पटत नाही. कोणत्याही एकाच पक्षाकडे बोट गेले असते तर अहवाल बाहेर आलाच असता, असा संशय घेण्यास त्यामुळे जागा उरली. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेचे भारतातील माजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की, अमेरिकन गुप्तचर संस्थेने केरळ व पश्चिम बंगालमधील साम्यवाद्यांना रोखण्यासाठी दोनदा काँग्रेसला पैसा दिला होता. सोव्हिएत बाजूने आलेल्या पैशाबद्दलचे दावे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मित्रोखिन यांच्या कागदपत्रांत आहेत. हे दावे सिद्ध झालेले नाहीत. परंतु दोन्ही महासत्तांची नावे त्यांत यावीत, ही गोष्ट बोलकी आहे.

परकीय पैसा रोखणारे विधेयक १९७३ मध्ये संसदेत आले, संयुक्त समितीकडे गेले आणि कायदा झाला तो १९७६ मध्ये. परकीय देणगी नियमन कायदा ५ ऑगस्ट १९७६ पासून अंमलात आला. तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे. देशात तेव्हा आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि 'परकीय हात' हा शब्द सरकारी भाषणांतून रोज ऐकू येत होता. अशा वेळी झालेल्या कायद्याला त्या काळाचा वास लागणारच. ज्यांनी परकीय देणगी मुळीच घेऊ नये त्यांची यादी कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. निवडणुकीचा उमेदवार, विधिमंडळाचा सदस्य, राजकीय पक्ष व त्याचे पदाधिकारी, सरकारी नोकर हे तर आहेतच. त्यांच्या जोडीला वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक आणि चक्क व्यंगचित्रकारही! व्यंगचित्रकाराच्या कुंचल्याची सरकारला एवढी धास्ती वाटावी, हे वाचून मला त्या कलावंतांचा हेवाच वाटला. कायदा मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती.

आता व्याख्येकडे वळू. परकीय सरकार, परकीय नागरिक, परदेशात नोंदलेली कंपनी हे तर 'परकीय स्रोत' ठरतातच. पण भारतात नोंदलेल्या कंपनीचे काय? १९७६ च्या कायद्याने सोपी कसोटी दिली. त्या कंपनीच्या भागभांडवलाचा निम्म्याहून अधिक वाटा परकीयांच्या हाती असेल, तर नोंदणी भारतातली असली तरी ती परकीयच.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. गडचांदूरजवळ उपरवाही येथे अंबुजा सिमेंटचा कारखाना आहे. कामगार आपल्याच गावांतले, चुनखडी आपल्याच जमिनीतली, कंपनीची नोंदणीही भारतातली. परंतु २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अदानी समूहाने कंपनी घेण्यापूर्वी तिचे सुमारे ६३ टक्के भाग स्वित्झर्लंडच्या होल्सिम समूहाकडे होते. म्हणजे मूळ कसोटी लावली तर उपरवाहीच्या चिमण्यांतून निघणारा धूर चंद्रपूरचा आणि कंपनी परकीय! येथे कोणी देणगी दिली वा घेतली असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. व्याख्या कशी चालते एवढेच दाखवावयाचे आहे. कारखान्याच्या फाटकावरील पाटी वाचून कंपनी देशी की परदेशी हे कळत नाही, भागधारकांची यादी पाहावी लागते.

याच मुद्द्यावर खटला उभा राहिला तो गोव्याच्या एका कंपनीवरून. सेसा गोवा ही लोहखनिजाची कंपनी १९५४ पासूनची, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज असतानाची. २००७ पर्यंत तिचे ५१ टक्के भाग जपानच्या मित्सुई कंपनीकडे होते. त्या वर्षी ते लंडनच्या वेदान्त रिसोर्सेस या कंपनीने विकत घेतले. मालकी जपानहून इंग्लंडला गेली, खनिज मात्र गोव्याच्याच डोंगरांतून निघत राहिले. वेदान्तच्याच छत्राखाली स्टरलाइट इंडस्ट्रीज ही दुसरी कंपनी होती. या समूहातील कंपन्यांनी काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोन्ही पक्षांना देणग्या दिल्याचे पक्षांनीच निवडणूक आयोगाकडे दिलेल्या कागदपत्रांतून दिसले. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था आणि निवृत्त सनदी अधिकारी ई. ए. एस. सरमा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

बचाव ऐकण्यासारखा होता. वेदान्तचे प्रमुख अनिल अग्रवाल हे भारतीय नागरिक आहेत, लंडनच्या कंपनीचे बहुसंख्य भाग त्यांच्याच कुटुंबाकडे आहेत, तेव्हा हा पैसा परकीय कसा, असा तो युक्तिवाद. प्रथम वाचले तेव्हा मलाही तो बिनतोड वाटला. परंतु कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते. तिच्या मागे कोणत्या देशाचा माणूस उभा आहे यावरून तिचे नागरिकत्व बदलत नाही. वेदान्त रिसोर्सेस इंग्लंडमध्ये नोंदलेली, म्हणून परकीय. तिच्याकडे निम्म्याहून अधिक भाग असलेल्या सेसा आणि स्टरलाइट याही परकीय. २८ मार्च २०१४ रोजी न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. जयंत नाथ यांनी दोन्ही पक्षांनी कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला आणि केंद्र सरकार व निवडणूक आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी, असा आदेश दिला. लोकसभेच्या निवडणुका तेव्हा दाराशी आल्या होत्या.

एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात अपील घेऊन गेले. आणि येथून या कथेला वळण लागते.

दरम्यान १९७६ चा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०१० चा नवा कायदा आला होता. निम्म्या भागभांडवलाची कसोटी त्यातही कायम होती. २०१६ च्या वित्त विधेयकात एक परंतुक घालण्यात आले. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने त्या त्या उद्योगात परकीय गुंतवणुकीची जी मर्यादा आखून दिली आहे, तिच्या आत असलेली कंपनी निम्म्याहून अधिक परकीय मालकीची असली तरी 'परकीय स्रोत' मानली जाणार नाही, असा त्याचा आशय. वरवर पाहता हे निरुपद्रवी वाटते. परंतु ही मर्यादा किती आहे ते पाहावे. सिमेंटमध्ये १०० टक्के परकीय गुंतवणूक चालते. लोहखनिजाच्या उत्खननातही १०० टक्के चालते. कोळशात २०१९ पासून व्यापारी उत्खननासाठी १०० टक्के खुले झाले. शंभराची मर्यादा ओलांडणार कोण आणि कशी? म्हणजे चंद्रपूरचा कोळसा व सिमेंट आणि एटापल्लीचे लोहखनिज, आपल्या भागातील हे तीनही मोठे उद्योग घेतले तर त्यांत अशी कंपनी सापडूच शकत नाही, जी सगळीच्या सगळी परदेशी मालकीची असूनही देणगी देण्यास अपात्र ठरेल. अट एवढीच की तिची नोंदणी भारतात असावी.

या बदलाला २६ सप्टेंबर २०१० पासूनचा परिणाम देण्यात आला. खटल्यातील बऱ्याच देणग्या तर त्याआधीच्या, १९७६ च्या कायद्याच्या काळातल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन्ही पक्षांनी आपापली अपिले मागे घेतली, परंतु जुन्या देणग्यांचा काटा निघाला नव्हता. तो काढला २०१८ च्या वित्त विधेयकाने. त्यातील २१७ व्या कलमाने २०१६ च्या तरतुदीतील '२६ सप्टेंबर २०१०' ही तारीख काढून तेथे '५ ऑगस्ट १९७६' ही तारीख घातली. बस, एवढेच! लोकसभेने हे विधेयक १४ मार्च २०१८ रोजी गोंधळात, चर्चेविना संमत केले. माझ्या वडिलांच्या जन्माच्याही आधीपासून जे बेकायदेशीर होते ते एका दुपारी कायदेशीर झाले. तेंदूपानांचे पुडे कमी भरले तर मागील वर्षाची तारीख घालून हिशेब जुळविण्याची सोय आमच्या गावात कोणालाच नाही.

वित्त विधेयकाचाच मार्ग का निवडला, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे. धनविधेयकात राज्यसभेला दुरुस्ती करता येत नाही. ती फक्त शिफारस करू शकते आणि चौदा दिवसांत विधेयक परत पाठवावे लागते. संविधानाच्या १०९ व्या अनुच्छेदातील ही तरतूद आपण प्रथम वर्षात पाठ केली. तिचा असा उपयोग होईल, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

याच वाटेने २०१७ मध्ये निवडणूक रोखे आले. २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली. भारतीय नागरिकाने वा भारतात स्थापन झालेल्या संस्थेने स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे घ्यावेत, पक्षाला द्यावेत आणि पक्षाने पंधरा दिवसांत वटवावेत. देणाऱ्याचे नाव मतदाराला कळणार नाही. कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देऊ नये, हे बंधनही त्याच वेळी उठविले गेले. २०१६ चा बदल आणि हे रोखे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. पहिल्याने परकीय मालकीच्या कंपनीला दार उघडले, दुसऱ्याने दारावरचा दिवा विझविला. नफा नसलेली नावापुरती कंपनीही आता देणगी देऊ शकणार होती. निवडणूक आयोगाने २०१७ मध्येच सरकारला पत्र लिहून या धोक्याची जाणीव दिली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पीठाचे प्रमुख होते आणि आपल्या विदर्भातील अमरावतीचे न्या. भूषण गवई त्या पीठात होते, याचा मराठी वाचकास आनंद व्हावा. देणगीदार कोण हे जाणणे हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले व कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची मुभाही रद्द केली. तोवर सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. निवाड्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ एप्रिल रोजी, चंद्रपूर व गडचिरोली-चिमूर येथे पहिल्याच टप्प्यात मतदान झाले.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी आपल्या भागाला अधिक झोंबते. निवडणूक स्वच्छ ठेवण्यासाठी निघालेला हा कायदा हळूहळू स्वयंसेवी संस्थांकडे वळला. १९८४ च्या अखेरीस अशा संस्थांना नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी १९८२ मध्ये नेमलेल्या कुदाल आयोगाने गांधी शांती प्रतिष्ठान आणि सेवाग्रामला जन्मलेला सर्व सेवा संघ यांच्या परकीय पैशाची चौकशी केली. जयप्रकाशांच्या आंदोलनाशी त्यांचा असलेला संबंध सर्वांना ठाऊक होता. २०१० च्या कायद्याने 'राजकीय स्वरूपाच्या संघटना' असा नवा वर्ग निर्माण केला आणि नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटना त्यात घातल्या. वनहक्कासाठी रस्त्यावर बसलेल्या शेकडो आदिवासींना मग काय म्हणावे? ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राजकीय हेतू नसताना केवळ लोकांच्या प्रश्नासाठी अशा मार्गाचा अवलंब करणाऱ्या संघटनेला या कारणाने परकीय देणगी नाकारता येणार नाही. हा निवाडा मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दोन नवे नियम आणले. परकीय देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील संसद मार्गावरील मुख्य शाखेतच जमा झाली पाहिजे, आणि मिळालेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता कामा नये. धानोरा किंवा कोरची तालुक्यातील पाच-सात कार्यकर्त्यांची संस्था परदेशातील देणगीदाराला थोडीच ठाऊक असते? मोठ्या संस्थेमार्फत पैसा तिच्यापर्यंत येई, ती वाट बंद झाली. परकीय पैशाचा हिशेब द्यावा, हे मला मान्य आहे. गैरव्यवहार कोठे होतच नाहीत, असेही मी म्हणणार नाही. परंतु गावात आरोग्याचे काम करणारी संस्था आणि निवडणुकीत कोट्यवधी रुपये देणारी परदेशी मालकीची कंपनी, यांपैकी कायद्याने अधिक संशय कोणाचा घ्यावा? सध्याचे उत्तर मला उलटे वाटते.

इतर देशांतही ही व्याख्या सोपी ठरलेली नाही. अमेरिकेने १९६६ मध्ये परकीय सत्तांच्या हस्तकांच्या देणग्यांवर बंदी घातली आणि १९७४ मध्ये ती सर्व परकीय नागरिकांना लागू केली. परंतु परदेशी कंपनीच्या अमेरिकेतील शाखेला, पैसा तिथलाच व निर्णय अमेरिकी नागरिकांचा असेल तर, राजकीय खर्चाची वाट उरते. इंग्लंडच्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे तिथे नोंदलेली व तिथे व्यवसाय करणारी कंपनी देणगी देऊ शकते, तिचा मालक कोठलाही असो. म्हणजे आपला १९७६ चा कायदा, त्याचा जन्म कोणत्याही काळात झालेला असला तरी, या एका बाबतीत त्या दोघांपेक्षा कडक होता.

ज्या विद्यार्थ्यांना पुढे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. वीस हजारांहून अधिक देणगी देणाऱ्यांची नावे प्रत्येक पक्षाला दरवर्षी निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात आणि आयोग ती संगणकावर सर्वांसाठी ठेवतो. शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी दर तीन महिन्यांनी भागधारकांचा तपशील जाहीर करते. पहिल्या यादीतील कंपन्यांची नावे घ्यावीत, दुसऱ्या यादीत परकीय वाटा किती टक्के आहे तो पाहावा आणि १९७६ ची निम्म्याची कसोटी लावावी. मी आपल्या दोन जिल्ह्यांत खाणी वा कारखाने असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात केली आहे. ग्रंथालयातील संगणक दुपारी तीननंतर रिकामा असतो.